गाडीला दम खाऊ दे

पसरणी घाटातल्या तिसऱ्या-चौथ्या वळणावर आबांनी नाक वर केलं आणि म्हणाले, "गुळमट वास येतोय."

समोरच्या डायलवर तापमानाचा काटा बरोबर मध्यावर होता. मी तेच बोट करून दाखवलं. "काटा मधेच आहे, आबा."

"काटा असू दे. वास येतोय."

एप्रिलमधला रविवार, दुपारचा एक वाजलेला. वाईहून पाचगणीकडे गाड्यांची अखंड रांग लागलेली, दहा पावलं पुढं आणि दोन मिनिटं उभं. मागच्या सीटवर आई, तिच्या मांडीवर पुरणपोळीचा डबा, शेजारी माझी मावसबहीण. एसी पूर्ण. गाडीच्या स्टिअरिंगखालच्या सॉकेटमध्ये मी एक छोटा ब्लूटूथ रीडर कायम लावून ठेवते, इंजिनाचे खरे आकडे तो मोबाइलवर दाखवतो. पण त्या दिवशी मोबाइलवर नकाशा उघडा होता. बोटानं नकाशा बाजूला सारला आणि आकडा पाहिला. कूलंट, म्हणजे इंजिनाला गार ठेवणारं ते गुळमट वासाचं पाणी, १०९ अंश.

पुढच्या वळणाला ११०. मग १११.

पहिलं काम एसी बंद. चारही काचा खाली. आणि मग हीटर, पूर्ण लाल टोकापर्यंत, पंखा चारवर. आईच्या तोंडावर एकदम गरम वारा आला तशी ती म्हणाली, "अगं, चैत्रात हीटर?" आबा काही बोलले नाहीत. त्यांनी समोरच्या जाळीपुढं तळहात धरला, क्षणभर तसाच ठेवला आणि म्हणाले, "म्हणजे हा दुसरा रेडिएटर."

अगदी बरोबर. केबिन गरम करण्यासाठी डॅशबोर्डच्या मागे जो हीटर असतो, त्यातून इंजिनाचंच तापलेलं कूलंट फिरतं. तो एक छोटा रेडिएटरच, म्हणजे कूलंट गार करणारी जाळी. इंजिन अडचणीत असेल तेव्हा आपण घाम गाळून त्याचा थोडा भार घेऊ शकतो. आबांनी आयुष्यात हीटर असलेली गाडी चालवली नव्हती, आणि हाताला वारा लागल्यावर त्यांना ते एका क्षणात कळलं.

रस्ता जरा रुंद झाला तिथं मी गाडी कडेला घेतली. इंजिन चालूच ठेवलं. कुठं गळती नव्हती, वाफ नव्हती, फॅन जोरात फिरत होता. अशा वेळी इंजिन बंद केलं तर पंप थांबतो, कूलंट जागच्या जागी थांबतं आणि धातूतली सगळी उष्णता त्याच थोड्याशा पाण्यावर येते. वाफ दिसत असती किंवा कूलंट सांडलेलं असतं तर मात्र क्षणाचाही विचार न करता बंद केली असती. खाली धोम धरणाचं पाणी उन्हात चकाकत होतं. आबा दरवाजा उघडून उतरले, बॉनेटपाशी गेले आणि बॉनेटच्या पत्र्यावर हाताची मागची बाजू टेकवली. आजारी लेकराच्या कपाळाला लावतात तशी.

"दमलीय," ते म्हणाले. "दम खाऊ दे."

आबा एसटीत ड्रायव्हर होते. माझं लहानपण वाईत गेलं आणि सुट्टीत कितीतरी वेळा मी त्यांच्या गाडीतून या घाटानं वर गेले आहे. जुन्या बसमध्ये इंजिन पुढं, ड्रायव्हरच्या डाव्या हाताला, वर एक मोठं कव्हर. त्या कव्हरला लागून असलेल्या जागेवर मी बसायची. घाट चढताना आबा अधूनमधून त्या कव्हरला हाताची मागची बाजू लावत. मला वाटायचं तो काहीतरी नमस्काराचा प्रकार आहे. खूप नंतर कळलं की ते ताप बघत होते.

त्यांची दुसरी सवय म्हणजे गिअर. चढ सुरू होण्याच्या आधीच गिअर खाली. गाडी गुरगुरायला लागल्यावर, धापा टाकायला लागल्यावर गिअर बदलणारा ड्रायव्हर त्यांना आवडायचा नाही. "गाडीनं सांगायच्या आधी आपल्याला कळायला पाहिजे," असं म्हणायचे. तेव्हा ते वाक्य कानावरून गेलं. टर्बो गाडी, म्हणजे इंजिनात जादा हवा दाबून भरणारा पंखा असलेली गाडी, घेतल्यावर त्यातलं शास्त्र समजलं. इंजिनाचा पाण्याचा पंप पट्ट्यावर चालतो, इंजिन जितकं फिरेल तितका तो फिरतो. चौथ्या गिअरमध्ये १,६०० आरपीएमवर (मिनिटाला तेवढ्या फेऱ्या) अ‍ॅक्सिलरेटर दाबून गाडी चढवली की टर्बो भरपूर हवा कोंबतो, सिलिंडरमध्ये दाब वाढतो, उष्णता वाढते आणि पंप मात्र संथ. तीच चढण दुसऱ्या गिअरमध्ये, हलक्या पायानं, ३,००० आरपीएमवर घेतली तर तेवढीच ताकद कमी दाबात निघते आणि पाणी जवळपास दुप्पट वेगानं फिरतं. आवाज जास्त येतो म्हणून लोकांना वाटतं गाडीला त्रास होतोय. त्रास पहिल्या प्रकारात जास्त होतो.

माझी गाडी १.४ लिटरची टर्बो पेट्रोल हॅचबॅक. सेकंडहँड घेतली, नंतर रीमॅप करून, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरमधला प्रोग्रॅम बदलून ताकद वाढवून घेतली. आकारानं लहान, वजनानं बेताची, आणि दीडशेच्या वर हॉर्सपॉवर. हे सगळं वरवर चमत्कारासारखं वाटतं. लहान इंजिनातून मोठं काम. पण निसर्ग काही फुकट देत नाही. पेट्रोलमधली साधारण एक तृतीयांश ऊर्जा चाकांच्या दिशेनं जाते. एक तृतीयांश सायलेन्सरमधून बाहेर. उरलेली कूलंटमध्ये, तेलात, पत्र्यात. ही वाटणी कोणत्याही पेट्रोल इंजिनात थोड्याफार फरकानं अशीच असते. म्हणजे चाकांना जितकं मिळतं, जवळपास तितकीच आग रेडिएटरला रोज बाहेर फेकावी लागते.

पसरणी घाटाचंच गणित मी एकदा वहीत मांडलं. वाई समुद्रसपाटीपासून सातशेवीस मीटरच्या आसपास, पाचगणी तेराशेच्या जवळ. चढ जवळपास ६०० मीटर. माणसं आणि सामान धरून गाडी १,६०० किलो. एवढं वजन एवढं उचलायला सुमारे ९० लाख ज्यूल लागतात. वरच्या हिशेबानं तेवढीच उष्णता कूलंटच्या वाट्याला. तेवढ्या उष्णतेत पंचवीसएक लिटर गार पाणी उकळी धरेल. आंघोळीच्या दीड बादल्या. आणि गाडीत कूलंट असतं पाच-सहा लिटर. म्हणजे घाट चढता चढता ती सगळी उष्णता समोरच्या जाळीतून वाऱ्याला देऊन टाकायची, आणि वारा तर मिळत नाही, कारण गाडी ताशी दहा किलोमीटरनं चाललीय.

म्हणून द्रुतगती मार्गावर ताशी शंभरनं तासभर पळून जी गाडी ९१ वर शांत असते, तीच घाटातल्या रांगेत वीस मिनिटांत १११ ला जाते.

टर्बोमुळे या सगळ्याला आणखी एक पदर येतो. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या वायूत इतकी उष्णता आणि वेग असतो की ती नुसती हवेत सोडून देणं स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्यूखी यांना पटलं नाही, आणि त्यांनी १९०५ साली टर्बोच्या कल्पनेचं पेटंट घेतलं. बाहेर जाणाऱ्या वायूनं एक चाक फिरवायचं, त्याच दांड्यावरच्या दुसऱ्या चाकानं ताजी हवा दाबून इंजिनात भरायची. लहान टर्बोत हा दांडा मिनिटाला दोन लाख फेऱ्यांच्या घरात फिरतो. एका बाजूला ९०० अंशांच्या वरचा वायू, बोटभर अंतरावर दुसऱ्या बाजूला बाहेरची हवा. मधे तेलाचा एक पातळ थर, त्यावर सगळा डोलारा.

आणि हवा दाबली की तापते. सायकलच्या टायरमध्ये हवा भरताना पंपाचं खालचं टोक हाताला चटका देतं, तेच. बाहेर ३५ अंश असताना हवेचा दाब दुप्पट केला तर टर्बोतून निघेपर्यंत ती १३० अंशांच्या आसपास जाते. अशी तापलेली हवा विरळ असते, म्हणजे जेवढा प्राणवायू कोंबला असं आपल्याला वाटतं तेवढा आत जातच नाही. शिवाय गरम हवेत पेट्रोल ठिणगीची ज्योत पोहोचायच्या आधीच, नको त्या कोपऱ्यात आपोआप पेट घेतं. त्यालाच नॉकिंग म्हणतात. इंजिनाचा कॉम्प्युटर ते ऐकतो आणि ठिणगी उशिरा टाकायला लागतो. मग ताकद कमी होते, आणि उशिरा पेटलेला जाळ सायलेन्सरच्या बाजूला जास्त जातो, टर्बो आणखी तापतो. गरमीतून गरमी. यासाठी मधे इंटरकूलर असतो, म्हणजे हवेसाठीचा रेडिएटर. १३० ची हवा त्यानं ५५ वर आणली तर त्याच पाइपात जवळपास पाव हिस्सा जास्त हवा मावते.

या सगळ्याची किंमत फार मोठ्या लोकांनी मोजली आहे. १९७७ साली रेनोनं सिल्व्हरस्टोनला फॉर्म्युला वनमध्ये पहिली टर्बो गाडी आणली. पिवळ्या रंगाची, दीड लिटरची, ज्याँ-पिएर जाबुई चालवायला. ती इतक्या वेळा धूर सोडत बाजूला उभी राहिली की इंग्रजांनी तिला पिवळी चहाची किटली असं नाव ठेवलं. पण ती माणसं मागं हटली नाहीत. १९७९ च्या सुरुवातीला दक्षिण आफ्रिकेत क्यालामीला जाबुईनं पोल पोझिशन, म्हणजे शर्यतीच्या सुरुवातीची पहिली जागा, घेतली. ते मैदान समुद्रसपाटीपासून दीड हजार मीटर उंच, हवा विरळ. साध्या इंजिनांची छाती तिथं भरून येत नव्हती आणि टर्बो आपली हवा आपण दाबून घेत होता. त्याच वर्षी जुलैत फ्रान्समध्ये दिजाँला त्यांनी शर्यत जिंकली. किटली म्हणून हसलेल्या सगळ्यांना पुढच्या काही वर्षांत टर्बो बसवावे लागले. मला ही गोष्ट फार आवडते. उष्णतेशी भांडून दोन वर्षं हरत राहायचं आणि तिच्यासाठी नीट वाट काढून देता आली की जिंकायचं.

वाट काढून देणं. मी सुरुवातीला नेमका तोच विचार केला नव्हता. घाटातून परत आल्यावर मी थंडाव्याच्या मागे लागले. एका गॅरेजमध्ये सांगितलं, थर्मोस्टॅट काढून टाका. आपल्याकडे हा सल्ला इतका सर्रास दिला जातो की तो ऐकून कित्येकांनी इंजिनं खराब करून घेतली आहेत. थर्मोस्टॅट ही एक झडप. नव्वदच्या आसपास उघडते, त्याआधी कूलंटला रेडिएटरकडे जाऊ देत नाही, म्हणजे इंजिन लवकर तापून कामाच्या तापमानाला येतं. १०५ ला ती कधीच पूर्ण उघडलेली असते. काढली काय, ठेवली काय, घाटात फरक पडत नाही. पण एरवी सकाळच्या रस्त्यावर इंजिन गारठलेलंच राहतं, कॉम्प्युटर जास्त पेट्रोल ओतत राहतो, तेलात ओल साठते. मी नाही म्हटलं.

दुसऱ्या एकानं बॉनेटच्या मागच्या बिजागरांखाली वॉशर घालून बॉनेट मागून बोटभर उचलायला सांगितलं. पुण्यात खूप गाड्या अशा दिसतात, दिसायला रुबाबदार. पण गाडी पळत असताना पुढच्या काचेच्या पायथ्याशी वाऱ्याचा दाब जास्त असतो. तिथून हवा बाहेर येण्याऐवजी आतच शिरते, आणि रेडिएटरमागची गरम हवा कोंडते. तिसऱ्या ठिकाणी मोठा अ‍ॅल्युमिनियम रेडिएटर सुचवला, चाळीस हजारांच्या आसपास. मी जवळजवळ हो म्हणणार होते.

त्याआधी एक चूक मी स्वतः केली होती. इंजिनाखाली एक प्लास्टिकचं कव्हर असतं. स्पीडब्रेकरला घासून ते फाटलं होतं. मी ते काढून टाकलं, खालून मोकळी हवा लागेल म्हणून.

शेवटी मी नाना पेठेत गेले. गाड्यांच्या सुट्या भागांचा हा पुण्यातला जुना बाजार. तिथल्या एका बोळात चाचा बसतात. तांब्या-पितळेचे रेडिएटर उकलून, सळई घालून साफ करून, पुन्हा डाग देऊन जोडणारी पिढी आता फारशी उरलेली नाही, ते त्यातले. आता सगळे रेडिएटर अ‍ॅल्युमिनियमचे, प्लास्टिकच्या टाक्यांचे. चाचा तेही करतात. मी त्यांना आकडे दाखवले. त्यांनी मोबाइलकडे पाहिलं, मान हलवली आणि खाली वाकून म्हणाले, "ताई, खालचं ताट कुठंय?"

कव्हरला ते ताट म्हणाले. मी सांगितलं, काढलं.

मग त्यांनी जे केलं ते मी कधी विसरणार नाही. बॉनेट उघडलं, इंजिन चालू ठेवायला सांगितलं, फॅन लागेपर्यंत थांबले. टेबलावरच्या वर्तमानपत्राचं अर्धं पान घेतलं आणि गाडीच्या पुढून, जाळीतून, रेडिएटरच्या मध्यावर धरलं. पान चपकन चिकटलं. मग त्याच पानाची एक लांब पट्टी फाडली आणि रेडिएटरच्या डाव्या बाजूला, जिथं रेडिएटर आणि बॉडी यांच्यामध्ये तीन बोटांची फट होती, तिथं धरली. पट्टी बाहेरच्या बाजूला, आमच्याकडे, फडफडायला लागली. चाचांनी माझा हात धरून तिथं नेला. गरम वारा. इंजिनाच्या खोलीतून पुढं येणारा.

"बघा," ते म्हणाले. "फॅन हवा आत ओढतो, ती तापते, मागं जाते. मागून बाजूच्या भोकातून फिरून परत पुढं येते. परत फॅन तीच ओढतो. तुमची गाडी आपलाच श्वास परत घेतेय. तिला नवीन रेडिएटर देऊन काय करता?"

पुढच्या बंपरला काही महिन्यांपूर्वी एक धक्का बसला होता आणि तो काढून दुरुस्त केला होता. जाळीपासून रेडिएटरपर्यंत वारा सरळ नेणारी दोन्ही बाजूंची प्लास्टिकची पाखं आणि कडेच्या फोमच्या पट्ट्या त्या वेळी परत बसवल्याच गेल्या नव्हत्या. बाहेरून बंपर नवा दिसत होता. आतून गाडीचं नाकपुडं मोडलेलं होतं. हवा आळशी असते, तिला जाळीच्या बारीक पापुद्र्यांतून घासून जायला नको असतं. बाजूला फट दिसली की ती तिथून निसटते. वेगात असताना निसटून जाते आणि रांगेत उभं असताना गरम होऊन परत येते. दोन्हीकडून नुकसान.

मग त्यांनी थर उकलले. आधुनिक टर्बो गाडीच्या नाकात बहुतेकदा तीन जाळ्या एकामागे एक असतात. माझ्या गाडीत पुढं एसीची उष्णता बाहेर टाकणारा कंडेन्सर, मागं इंटरकूलर, त्याच्या मागं रेडिएटर. पहिल्याची गरमी दुसऱ्याला, दोघांची तिसऱ्याला. एसी बंद केल्यावर रेडिएटरला एवढा दिलासा का मिळतो हे त्या रचनेकडे बघितलं की समजतं. पुढून पाहिलं तर कंडेन्सर स्वच्छ होता, मी तो दर महिन्याला धुते. चाचांनी दोन क्लिपा सोडवून कंडेन्सर पुढं ओढला आणि आतला इंटरकूलर दिसला. त्याचा खालचा अर्धा भाग दिसतच नव्हता. करड्या रंगाची गोधडी पसरावी तसा थर. सावरीचा कापूस, कडुनिंबाची वाळलेली पानं, माश्या, एका फुलपाखराचा आख्खा पंख, एक छोटं पीस, आणि सगळ्याला बांधून ठेवणारी धूळ. पहिल्या जाळीतून जेवढं बारीक निसटलं तेवढं सगळं दुसरीवर जमलं होतं. चाचांनी तो थर नखानं एका टोकाला उचलला आणि तो वाकळेसारखा एकसंध सुटून आला.

पाणी त्यांनी मागून पुढं मारलं, म्हणजे घाण ज्या वाटेनं आली त्याच वाटेनं परत. पाइपचं तोंड अंगठ्यानं दाबून, जोर न करता. सर्व्हिस सेंटरमधल्या प्रेशर गनला ते हात लावू देत नाहीत, कारण जाळीचे पापुद्रे कागदासारखे पातळ असतात, जोरात पाणी लागलं की आडवे पडतात आणि वाट कायमची बंद. जे आडवे पडलेले होते ते त्यांनी एका बोथट सुरीच्या टोकानं एकेक करून उभे केले. दोन तास. मी शेजारी पत्र्याच्या स्टुलावर बसून बघत होते. कुणी कणसाचे दाणे सोलावेत इतक्या संथपणे ते काम चाललं होतं.

बाजूची पाखं त्यांनी अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्यातून कापून रिव्हेटनं बसवली, पत्र्याला कडेनं फोमची जाड पट्टी. वरच्या फटीतही पट्टी. खालचं ताट मी नवीन आणून लावलं. ते ताट नसलं की खालून हवा आत उसळते, रेडिएटरमागचा दाब वाढतो आणि पुढून येणारा वारा आत शिरायला कुरकुरतो. सगळा खर्च त्या मोठ्या रेडिएटरच्या दहाव्या भागाहून कमी.

कूलंट मात्र नवीन, डिस्टिल्ड पाण्यात अर्धं-अर्धं. नुसतं पाणी उष्णता जास्त चांगली वाहून नेतं, हे खरं आहे. पण ते १०० ला उकळतं आणि अ‍ॅल्युमिनियमला खातं. बोअरचं पाणी घातलं तर विचारूच नका. आमच्या वाईच्या घरात आंघोळीचा बंब होता, त्याच्या आतल्या नळीवर बसलेला पांढरा क्षार मी लहानपणी खिळ्यानं खरवडला आहे. तोच क्षार इंजिनाच्या आतल्या वाटांवर बसला की गेली गाडी. अर्धं-अर्धं कूलंट साध्या दाबाला १०६-१०७ ला उकळतं, आणि रेडिएटरचं झाकण ते दाबात कोंडून ठेवतं म्हणून ते १२५ च्या पुढंही टिकतं. याच कारणानं तापलेल्या गाडीचं झाकण उघडायचं नसतं. उघडलं की दाब एकदम जातो, आणि इतका वेळ शांत असलेलं पाणी त्याच क्षणी उसळून तोंडावर येतं. आबांच्या डाव्या मनगटावर याचा डाग आहे. झाकण दुसऱ्यानं उघडलं होतं.

आणखी एक प्रकार मला करून बघायचा होता, तो म्हणजे इंटरकूलरवर पाण्याचा फवारा. जपानी रॅलीच्या वंशातल्या गाड्या, मित्सुबिशी लान्सर इव्होल्यूशन आणि सुबारू इम्प्रेझा एसटीआय, यांच्या काही मॉडेलांत हा फवारा कंपनीतूनच यायचा. बटण दाबलं की इंटरकूलरवर पाण्याची पिचकारी. आपल्याकडे हे समजावायला फार शब्द लागत नाहीत. माठ पाझरतो, पाझरलेलं पाणी उडून जातं, जाताना उष्णता घेऊन जातं. विदर्भात मे महिन्यात माठातलं पाणी दातांना लागतं आणि मुंबईत तेच कोमट राहतं, कारण मुंबईच्या हवेत आधीच ओल आहे. वाळ्याचा कूलरही नागपुरात जे करतो ते दादरला करत नाही. फवाऱ्याचंही तेच. पठारावरच्या कोरड्या उन्हात तो चांगलं काम करील, घाट उतरून कोकणात गेलं की त्याचा जोर ओसरेल.

पाणी थेट इंजिनात सोडणारे लोकही झाले. अमेरिकेत १९६२ साली ओल्ड्समोबाइलनं जेटफायर नावाची टर्बो गाडी काढली. तिच्या डब्यात डिस्टिल्ड पाणी आणि मिथेनॉलचं मिश्रण असायचं, आणि टर्बोनं दाब धरला की ते हवेत मिसळायचं. इंजेक्शन देण्याआधी दंडावर स्पिरिटचा बोळा फिरवला की जो गारवा लागतो, तो इंजिनाच्या पोटात. कल्पना उत्तम होती, अगदी आजही पटते. अडलं कुठं, तर लोक तो डबा भरायला विसरायचे, आणि डबा रिकामा झाला की गाडी टर्बोचा दाब कमी करून टाकायची. मला त्या इंजिनीयरांबद्दल वाईट वाटतं. त्यांनी उष्णतेचा हिशेब अचूक केला, माणसांच्या सवयींचा राहिला.

म्हणून मी फवारा बसवला नाही. जे रोज भरावं लागतं ते एक दिवस रिकामं असतं, आणि तो दिवस घाटातला असतो.

पुढच्या वर्षी पुन्हा एप्रिल, पुन्हा पाचगणी, पुन्हा रविवार. या वेळी मी मुद्दाम तीच वेळ निवडली. आबांना म्हटलं, चला. आई आली नाही, "हीटर लावणार असशील तर मी घरीच बरी," म्हणाली. बाहेर ३८ अंश. घाटाच्या पायथ्याशी एसी थोडा कमी केला, दुसरा गिअर आधीच टाकला. आबांनी डोळ्यांच्या कोपऱ्यातून गिअरच्या दांड्याकडे पाहिलं आणि काही बोलले नाहीत.

मोबाइलवर दोन आकडे. कूलंट ९२. इंजिनात जाणारी हवा ४६, गेल्या वर्षी याच रस्त्यावर ती ७० च्या वर होती. रांग तशीच. वळणावर उभं राहिलो, फॅन लागला, कूलंट ९६. फॅन मोठ्या गतीवर गेला, ९८. तिथं थांबला. मी एक हात खिडकीबाहेर काढून बॉनेटच्या बाजूला नेला, चाकावरच्या फटीतून गरम वारा बाहेर पडत होता, मागं, रस्त्याकडे. जिकडे जायला हवा तिकडे.

"वास नाही," आबा म्हणाले.

पाचगणीच्या अलीकडे रस्ता मोकळा मिळाला आणि मी शेवटचे दोन किलोमीटर मनसोक्त चालवली. टर्बोची ती शीळ, पाठीला सीटचा रेटा, वळणातून बाहेर पडताना गाडीचं एकदम मोकळं होणं. मी यासाठीच ही गाडी घेतली आहे आणि हे सांगायला मला अजिबात संकोच वाटत नाही. तेलाचं तापमान ११४ पर्यंत गेलं. टेबललँडच्या खाली सावली बघून गाडी उभी केली आणि हात चावीकडे गेला.

"लगेच बंद नको करू," आबा म्हणाले.

करणार नव्हतेच. जोरात चालवून आल्यावर एकदम बंद केली तर टर्बोतला तेलाचा तो पातळ थर जागच्या जागी थांबतो, शेजारच्या लालबुंद धातूची उष्णता त्यात उतरते आणि तेल जळून काळी खर बनते. कढईच्या बुडाला जळलेल्या तेलाची जी खर धरते तीच. मिनिट-दोन मिनिटं नुसती चालू ठेवली की तेल आणि पाणी ती उष्णता काढून नेतात. पण हे त्यांना कुणी सांगितलं होतं? त्यांच्या काळच्या कित्येक गाड्यांना टर्बो नव्हता.

मी विचारलं.

"घाट चढून आल्यावर आपण तरी लगेच आडवं पडतो का?" असं म्हणून ते खाली उतरले आणि बॉनेटला हाताची मागची बाजू लावून उभे राहिले. मोबाइलवर ९५. मग ९४. समोर कुणीतरी घोडा घेऊन चाललं होतं, त्याच्या पाठीवर घामाचा पट्टा चमकत होता. ९३. आबांनी हात तसाच ठेवला होता. ९२ ला फॅनचा आवाज उतरत उतरत बंद झाला, आणि त्यांनी माझ्याकडे बघून मान हलवली.

मी चावी फिरवली.